फंडाचे पैसे

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस माझी थोरली बहीण घाटकोपरच्या एका शाळेतून निवृत्त झाली. शाल, श्रीफळ, मुलाम्याची सरस्वती आणि ‘बाई, तुमच्यावाचून शाळा ओकीबोकी वाटेल’ अशा अर्थाची पाच-सहा भाषणे, असा साग्रसंगीत निरोप झाला. पुढे दोन महिने गेले आणि एका रविवारी सकाळी ताई मुलुंडला आमच्या घरी आली. हातात कापडी पिशवी होती. ती तिने टेबलावर उपडी केली.

“तू कादंबऱ्या लिहितोस ना? मग हे सगळं वाच आणि यातलं खोटं कुठलं ते सांग.”

पिशवीतून निघाली ती रंगीत माहितीपत्रके. भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाची रक्कम मिळून ताईच्या खात्यात एकदम बरेच पैसे जमा झाले होते आणि ते झाल्याची वार्ता तिच्याआधी जगाला लागली होती. ज्या बँकेत तीस वर्षे तिला कुणी ‘बसा’ म्हटले नव्हते, तिथल्या साहेबांनी तिला चहा पाजून दहा वर्षे हप्ते भरायची विम्याची योजना पुढे केली होती. अंधेरीचा भाचा शेअर बाजाराविषयी फार उत्साहाने बोलत होता. सोसायटीचे चिटणीस एका पतपेढीचे नाव घेत होते. तिघेही ताईच्या भल्याचेच बोलत होते.

मी शाळेत इतिहास शिकवतो. आकडेमोडीत माझी मजल मॅट्रिकच्या चक्रवाढ व्याजापुढे गेलेली नाही. परंतु ती माहितीपत्रके चाळताना वाटले, ही मंडळी मला ओळखीची आहेत. टोप्या निराळ्या, पण चेहरे तेच. म्हणून ताईला म्हटले, “मला दिवाळीपर्यंत मुदत दे.” तिने दिली. ह्या मुदतीत जे वाचले आणि जे घरात आधीपासून ठाऊक होते, ते येथे सांगतो.

मुळात हा प्रश्न फार जुना नाही. आपल्या पणजोबांना तो पडला नव्हता. म्हातारपणाची तरतूद म्हणजे जमीन, सोने आणि मुलगे. सरकारी नोकर असला तर मरेपर्यंत दरमहा पेन्शन. तिथे सल्ला विचारायला जागाच नव्हती; महिना आला की पैसे आले. खासगी नोकरीतल्या मनुष्याला मात्र १९५२ च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधी मिळाला आणि वयाच्या पंचावन्नाव्या-अठ्ठावन्नाव्या वर्षी एक विलक्षण दिवस त्याच्या आयुष्यात येऊ लागला. जन्मभर महिन्याचा पगार पाकिटे करून वाटून घेणाऱ्या कारकुनाच्या हाती एका सकाळी जन्मात न पाहिलेली रक्कम पडे. १९७२ च्या कायद्याने तिच्यात उपदानाची भर पडली. ही रक्कम कशी कमवावी हे त्याला ठाऊक होते. कशी सांभाळावी हे कुणी शिकवलेच नव्हते. ‘फंडाचे पैसे’ हा शब्द आमच्या उपनगरांत ह्याच दिवसाने रूढ केला. फंडाच्या पैशांतून मुलीचे लग्न, फंडाच्या पैशांतून डोंबिवलीला जागा, आणि उरले ते कुणाच्या तरी सांगण्यावरून कुठेतरी.

ह्या ‘कुणाच्या तरी’चा इतिहास मुंबईत बराच मागे जातो. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा मावेना. रोज नवी कंपनी, नवी बँक. बॅकबेची खाडी बुजवणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे सर्वांत मोठे दलाल. त्यांचा शब्द म्हणजे हुंडी. १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही निमसरकारी, म्हणून सर्वांत भरवशाची पेढी. पण तीही त्यांच्या शब्दावर भागांच्या तारणावर कर्जे देऊ लागली. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. १ जुलै १८६५ हा सौद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. त्या दिवशी अर्धी मुंबई उर्वरित अर्ध्या मुंबईची देणेकरी निघाली आणि द्यायला कुणापाशीच काही नव्हते. बँक ऑफ बॉम्बे १८६८ पर्यंत गुंडाळावी लागली आणि सरकारने चौकशी आयोग नेमला. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली निघाले. ते दोन वर्षे थांबते तर त्या ग्रंथाला एक निराळेच प्रकरण जोडावे लागले असते. विद्यापीठातला राजाबाई टॉवर ह्याच प्रेमचंद शेटजींच्या देणगीतला, त्यांच्या आईच्या नावाचा. मी मुलांना सहलीला तिथे नेतो तेव्हा उंची सांगतो, ही हकिगत सांगत नाही. यंदापासून सांगेन म्हणतो.

त्या वेळी आमची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही साष्टीतली खेडी होती. १८५३ सालची आगगाडी भातशेतांमधून ठाण्याला निघून जाई. ह्या खेड्यांची उपनगरे झाली ती विसाव्या शतकात. अंधेरी-घाटकोपर १९५० साली महापालिकेच्या हद्दीत आले, बोरिवली-मुलुंड १९५७ साली. गिरगाव-दादरच्या चाळींतून उठून दोन खोल्यांच्या जागेत आलेला, सव्वानऊची गाडी पकडणारा मध्यमवर्ग येथे वसला. त्याच्याजवळ शेतजमीन नव्हती. त्याच्याजवळ होता तो फंड.

ह्या माणसाचा पहिला सल्लागार म्हणजे पोस्ट. १ एप्रिल १८८२ पासून पोस्टात बचत खाते उघडता येऊ लागले होते. पोस्टमास्तर काही सल्ला देत नसे. तो बहुधा मान वर करूनही पाहत नसे. पण त्याचे मौनच लोकांना भरवशाचे वाटे. पुढे १९७२ साली सरकारने महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना काढली आणि घरोघर हिंडून आवर्त ठेवीचे हप्ते गोळा करणाऱ्या बायका उपनगरांत दिसू लागल्या. आमच्याकडेही एक बाई येत. त्यांना आम्ही ‘पोस्टाच्या बाई’ म्हणत असू. त्यांचे खरे नाव मला त्या वारल्यावर कळले. दर महिन्याच्या पाच तारखेला दुपारी, खांद्याला काळी पिशवी, हातात कार्ड. आई डाळीच्या डब्यातून पन्नास रुपये काढी. बाई कार्डावर सही करीत, पाणी पीत आणि जाताना म्हणत, “वहिनी, मोडू नका हो मधेच.” त्यांना हप्त्यामागे चार टक्के दलाली मिळे, आणि ते आईला ठाऊक होते, कारण बाईंनीच पहिल्या दिवशी सांगितले होते. ताईच्या लग्नातल्या पाटल्या ह्या पन्नास रुपयांच्या. सल्लागार ह्या शब्दाचा विचार करताना मला आजही त्या बाई आठवतात, जरी त्यांनी आम्हाला दिलेला सल्ला म्हणजे ते एकच वाक्य.

दुसरा सल्लागार विम्याचा. ह्याचा इतिहास मात्र रंगतदार आहे. आरंभी इंग्रजी कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवायलाच नाखूश. उतरवलाच तर गोऱ्यापेक्षा जास्त हप्ता घेत. तो भेद न पाळणारी बॉम्बे म्युच्युअल १८७० साली मुंबईत निघाली, ओरिएंटल १८७४ साली, आणि १९१३ साली साताऱ्यात वेस्टर्न इंडिया. ह्या कंपन्यांनी गावोगाव एजंट धाडले. त्या एजंटांनी मराठी माणसाला मरणाची भीती घालून बचत शिकवली. पण चांगल्याबरोबर वाईटही उगवले. काही कंपन्यांचे चालक विमेदारांचे पैसे आपल्याच उद्योगांत फिरवू लागले. शेवटी १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याचा धंदा सरकारने हाती घेतल्याचे जाहीर केले आणि २४५ कंपन्या व मंडळ्यांचे एकीकरण होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ जन्मले. मधल्या जुलैत, मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयावरून, चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले होते. आमच्या अण्णांच्या दृष्टीने ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच वर्षात कराव्यात ह्यापरते महामंडळाच्या विश्वासार्हतेला प्रमाणपत्र नव्हते.

आणि तरीही वर्ष उलटते न उलटते तोच मुंदडा प्रकरण घडले. १९५७ च्या जूनमध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतले. कंपन्या डबघाईला आलेल्या होत्या. डिसेंबरात फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न उपस्थित केला; ते सत्ताधारी पक्षाचे आणि पंतप्रधानांचे जावई. चौकशीला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला नेमले गेले. त्यांनी चौकशी मुंबईत, उघड्यावर चालवली, ऐकायला लोकांची रीघ लागली, आणि महिन्याच्या आत, १० फेब्रुवारी १९५८ रोजी, अहवाल हातावेगळा केला. (आजच्या चौकशांची गती पाहता ही तारीख पुन्हा एकदा वाचावी.) त्याच महिन्यात अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

ह्या प्रकरणातली माझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. गुंतवणूक कुठे करावी हे सांगायला महामंडळाची एक गुंतवणूक समिती होती. बाजार जाणणारी माणसे तिच्यात होती. ह्या खरेदीच्या वेळी त्या समितीला विचारलेच गेले नाही. व्यवहार वरच्या वर ठरला आणि समितीच्या कानांवर तो मागाहून गेला. सल्लागार होता, जाणता होता, पण ज्याला पैसे हलवायचे होते त्याला सल्ला नको होता. घरोघरी हेच चालते. बायको विचारते, “आधी कुणाला विचारलंत का?” आणि नवरा पावती दाखवतो.

त्या काळात बँकाही बुडत होत्या. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तिकडे केरळात पालै सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा कुठे १ जानेवारी १९६२ पासून ठेवीला विम्याचे संरक्षण आले. माणशी दीड हजार रुपये! वाढत वाढत ते १९९३ साली एक लाख झाले आणि मग सत्तावीस वर्षे तिथेच राहिले.

कृष्णम्माचारींचे पुनरागमनही येथेच सांगावे लागते. १९६३ साली ते पुन्हा अर्थमंत्री झाले आणि युनिट ट्रस्टचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत आला. १ जुलै १९६४ पासून दहा रुपयांची युनिटे विकायला निघाली. हीच ती चौसष्टची योजना. कल्पना सुरेख होती. लहान माणसाला शेअर बाजार कळत नाही, तर त्याचे थोडे थोडे पैसे एकत्र करून जाणत्यांनी ते गुंतवावेत. दरवर्षी लाभांश येई, किंमत कधी खाली जात नसे. किंमत खाली जात नसे, कारण ती बाजार ठरवत नव्हता, ट्रस्टच ठरवत असे. मागे किती माल आहे हे कुणी विचारले नाही आणि कुणी सांगितले नाही. तीस-पस्तीस वर्षांत निवृत्त माणसाच्या दृष्टीने युनिट म्हणजे सरकारी रोखाच झाला. सकाळी बोरिवलीच्या बागेत फिरायला जाणारे आजोबा एकमेकांना तब्येत विचारीत आणि मग युनिटचा लाभांश. १९९३-९४ च्या सुमारास तो सव्वीस टक्क्यांपर्यंत गेला होता.

परंतु आत खांदेपालट झाला होता. रोख्यांच्या जागी शेअर आले. निम्म्याहून अधिक पैसा बाजारात होता. १९९८ साली पहिला धक्का बसला, सरकारने सावरून धरले. २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने चौसष्टच्या योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी बंद केली. जवळपास दोन कोटी लोकांचे पैसे तिच्यात होते. त्याच महिन्यात ट्रस्टच्या माजी अध्यक्षांना अटकही झाली. लोकांना लागले ते पैसे अडकल्यापेक्षा दुसरेच: आधीच्या एप्रिल-मे महिन्यांत बड्या कंपन्यांनी आपल्या मोठाल्या रकमा चांगल्या भावाने काढून घेतल्या होत्या. त्यांना सल्लागार होते. बागेतल्या आजोबांना एकमेकांचाच आधार होता. पुढे लहान गुंतवणूकदारांना सरकारने भाव बांधून दिला, २००३ साली ट्रस्टचे दोन तुकडे झाले, युनिटांच्या बदली रोखे मिळाले आणि २००८ साली ते फिटले. म्हणजे पैसे गेले असे नाही, काळ गेला. आणि सत्तरीत काळच महाग असतो.

आता आमच्या घरचे. अण्णा १९९५ साली निवृत्त झाले तेव्हा मी शाळेत होतो. त्यांनी युनिटे घेतली नाहीत; त्यांना त्याहून बरे काही मिळाले होते. आमच्या शेजाऱ्यांचे मेहुणे सागाची झाडे विकत. झाडे म्हणजे कागदावर: कुठेशा दूरच्या माळावर एका कंपनीने साग लावला आहे, प्रत्येक गुंतवणूकदाराच्या नावे अमुक झाडे, वीस वर्षांनी तोडणी, आणि एका झाडाचे इतके हजार. त्या दशकात अशा कंपन्यांचा सुळसुळाटच झाला होता. सेबीने त्यांच्यासाठी नियम केले ते १९९९ साली, म्हणजे पक्षी उडाल्यावर. अण्णांनी माझ्या नावे दहा आणि ताईच्या नावे दहा झाडे घेतली. प्रमाणपत्रावर हिरव्या शाईत झाड छापलेले होते. अण्णा ते पाहुण्यांना दाखवीत. मेहुण्यांना शेकड्यामागे किती मिळाले हे अण्णांनी विचारले नाही; सभ्य माणसाने असले विचारायचे नाही अशी त्यांची समजूत होती. दोन-अडीच वर्षांनी कंपनीची अंधेरीतली कचेरी बंद झालेली आढळली. अण्णा तिथवर जाऊन आले, घरी येऊन हातपाय धुतले आणि एवढेच म्हणाले, “पाटी काढून नेली आहे.” मेहुण्यांवर ते कधी रागावले नाहीत. त्या गृहस्थांनी स्वतःच्या आईच्या नावे वीस झाडे घेतली होती.

ही शेवटची गोष्ट मी पुष्कळ वर्षे विसरू शकलो नाही. लबाडाला ओळखता येते असे आपण मानतो. पण अण्णांचा सल्लागार लबाड नव्हता. तो अडाणी होता आणि त्याच्या अडाणीपणावर कुणीतरी दलाली लावली होती.

सहकारी बँकांविषयी लिहिताना मात्र हात जड होतो. शामराव विठ्ठल १९०६ ची, सारस्वत १९१८ ची. ज्या मध्यमवर्गाला मोठ्या बँका दारात उभे करीत नसत त्याला ह्या संस्थांनी घर, लग्न, दुकान दिले. म्हणूनच २३ सप्टेंबर २०१९ चा दिवस उपनगरांना फार लागला. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेची मुख्य कचेरी भांडुपची. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले: सहा महिन्यांत खात्यातून एक हजार रुपये काढता येतील. मर्यादा पुढे दहा हजार, पंचवीस हजार, चाळीस हजार अशी वाढवावी लागली. बँकेने एकंदर कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाला दिली होती आणि ते झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली होती. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला आले. मुलुंड-भांडुपच्या कित्येक घरांत पाटावर पासबुक ठेवले होते, आणि ते उघडून पाहायची कुणाची छाती नव्हती. अर्धा-पाऊण टक्का अधिक व्याजासाठी कित्येकांनी सारा फंड एका जागी ठेवला होता, सोसायट्यांनी दुरुस्तीचे पैसे ठेवले होते. ठेवविम्याची मर्यादा पाच लाख झाली ती ४ फेब्रुवारी २०२० रोजी. २५ जानेवारी २०२२ ला ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पण मोठ्या ठेवी हप्त्याहप्त्याने, दहा वर्षांपर्यंत फेडण्याची योजना आहे. साठीच्या माणसाला दहा वर्षे म्हणजे काय, हे योजना करणाऱ्यांनी विचारले असेलच. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यू इंडिया सहकारी बँकेच्या दारांत तशाच रांगा लागल्या; ती ऑगस्टमध्ये सारस्वतमध्ये विलीन झाली, आणि हे तुलनेने लवकर निभावले.

मग सल्ला कुणाला विचारावा? ह्या प्रश्नाला कायद्याने उत्तर द्यायला फार उशीर केला. म्युच्युअल फंडात शंभर रुपये घातले की सव्वादोन रुपयांपर्यंत आधीच कापून विकणाऱ्याला मिळत. चंद्रशेखर भावे सेबीचे अध्यक्ष असताना १ ऑगस्ट २००९ पासून ही कापणी बंद झाली. विक्रेत्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला आणि त्यांतले बरेच जण युनिट जोडलेल्या विम्याकडे वळले, कारण तिथे पहिल्या वर्षाची दलाली भरघोस होती. पाणी उताराकडे जाते आणि विक्रेता दलालीकडे. ह्यात पाण्याचा दोष काढण्यात अर्थ नाही.

ह्याच विषयातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सरकारने २००४ साली सुरू केली. निवृत्तांसाठीच काढलेली, सरकारी हमीची, तिमाहीला व्याज देणारी; २०२३ पासून तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. तिच्यावरची एजंटाची दलाली १ डिसेंबर २०११ पासून बंद आहे. ताईच्या पिशवीत अकरा माहितीपत्रके होती. त्यांत हिचे एकही नव्हते.

२०१३ साली सेबीने गुंतवणूक सल्लागार हा वेगळा, नोंदणीकृत वर्ग केला. पात्रता, परीक्षा, आणि ग्राहकाच्या हिताला बांधील राहण्याचे बंधन. २०२० च्या दुरुस्तीने आणखी एक भिंत घातली: एका कुटुंबाला सल्ला देऊन त्याची फी घ्यावी, किंवा त्याला योजना विकून दलाली घ्यावी, दोन्ही नाही. सल्लागाराच्या नोंदणीचा क्रमांक ‘आयएनए’ ह्या अक्षरांनी सुरू होतो. वितरकाच्या कार्डावर ‘एआरएन’ असते. फीलाही मर्यादा आहे: ठरावीक फी घेणाऱ्याला कुटुंबामागे वर्षाला १,५१,००० रुपयांच्या वर जाता येत नाही. (हा आकडा ऐकून ताई म्हणाली, “एवढ्यात मी स्वतःच सल्लागार होते.” तिला समजावले की ही वरची रेघ आहे, भाव नव्हे.) असे नोंदलेले सल्लागार साऱ्या देशात हजाराच्या आसपास आहेत. एकट्या आयुर्विमा महामंडळाचे प्रतिनिधी तेरा लाखांहून अधिक. ताईच्या दारात कोण येणार हे ह्या दोन आकड्यांतच ठरलेले होते.

पण दोष एकट्या पुरवठ्याचा नाही. आपल्याला सल्ला फुकट हवा असतो. डॉक्टरला फी देतो, वकिलाला देतो, पत्रिका पाहणाऱ्यालाही सव्वाशे रुपये आणि नारळ देतो. पण जन्माची पुंजी कुठे ठेवावी हे सांगणाऱ्याला पैसे द्यायचे म्हटले की हात आखडतो. फुकटचा सल्ला कुणीतरी दुसराच मोजून घेतलेला असतो. अण्णांच्या वीस झाडांची किंमत आम्ही अशीच मोजली.

ह्यात माझाही स्वार्थ आहे, तो लपवत नाही. ताई जुन्या पेन्शनची. तिला मरेपर्यंत महिना चालू राहील, तिची ही पुंजी म्हणजे वरची साय. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांसाठी परिभाषित अंशदानाची पद्धत आली. मी जून २००६ मध्ये लागलो. सात महिन्यांचा फरक. मार्च २०२३ च्या संपात मीही ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत उन्हात उभा होतो. बारा वर्षांनी माझ्या हाती जे पडेल ते कुणाच्या सल्ल्याने कुठे ठेवायचे, हा प्रश्न मला ताईहून अधिक खरा आहे. मास्तर म्हणून मुलांना तह आणि लढाया शिकवल्या. स्वतःच्या खात्याचा उतारा मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा नीट वाचला.

नवरात्रात आम्ही दोघे अंधेरीला एका सल्लागार बाईंकडे गेलो. वय तिशीचे, कचेरी एका खोलीची, भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र. नोंदणीचा क्रमांक मी आधीच सेबीच्या यादीत पडताळला होता. ताईने बसल्या बसल्या शिक्षिकेच्या आवाजात विचारले,

“तुम्हाला पैसे कोण देतं?”

“तुम्ही,” बाई म्हणाल्या.

“आणि कंपन्या?”

“कंपन्यांकडून एक रुपया नाही. तसं लिहून देते.”

“किती घेता?”

त्यांनी वर्षाचे पंधरा हजार सांगितले. ताईने घाटकोपरच्या मंडईत मेथीची जुडी घेते त्याच सुरात बारा म्हटले. बाई हसल्या, पण पंधराच राहिले. मग त्यांनी विचारले की महिन्याचा खर्च किती, औषधपाणी किती, आरोग्याचा विमा आहे का, वारस कुणाला लावला आहे. कुठल्याही योजनेचे नाव त्यांनी पहिल्या तासात घेतले नाही. भाच्याच्या कागदांपैकी एक त्यांनी बरा म्हणून बाजूला ठेवला, विम्याचा परत दिला, पतपेढीच्या कागदावर नुसते बोट ठेवून म्हणाल्या, “हिला ठेवविमा नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?” ताई माझ्याकडे पाहू लागली.

“आणखी काही जुनी कागदपत्रं? ठेवी, शेअर, काहीही. सगळं एकदा बघू दे.”

ताईने पिशवीच्या तळात हात घातला. प्लॅस्टिकच्या आवरणात घातलेला, घडीवर विरलेला एक कागद निघाला. हिरवी शाई आता पिवळट झाली होती. बाईंनी तो उजेडाकडे धरला, उलटून पाहिला.

“हे काय आहे?”

“ती आमच्या अण्णांची झाडं,” ताई म्हणाली. “ती राहू द्या. ती मी घरी नेते.”